गुन्हा म्हातारा होतो का?



२०२३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस उत्तर प्रदेशातील फिरोजाबादच्या कोर्टाने एका नव्वद वर्षांच्या माणसाला जन्मठेप दिली. गुन्हा १९८१ च्या डिसेंबरातला. साढूपूर नावाच्या गावात आपल्या दहा माणसांना गोळ्या घालून मारले होते. आरोपीही दहा होते. एक्केचाळीस वर्षे खटला रेंगाळला आणि तेवढ्या काळात नऊ आरोपी आपल्या मरणाने मेले. उरला तो एकटा तुरुंगात गेला. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये तिकडच्याच मैनपुरीच्या कोर्टाने देहुली गावच्या हत्याकांडात तिघांना फाशी सुनावली. तेही १९८१ चेच. त्यात २४ दलित मारले गेले होते, बाया आणि लेकरेसुद्धा.

रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात हा विषय निघाला. तरुण मुले म्हणाली, बरे झाले, नव्वद असो की शंभर, पापाची फेड झालीच पाहिजे. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "पिकलं पान आज ना उद्या गळणारच, त्याला कोंडून काय मिळवलं?" एक बाई हळूच म्हणाली, "ज्यांची माणसं गेली त्यांना कुणी इचारलं का?" तिच्या प्रश्नावर कुणी काही बोलले नाही. तो प्रश्न मला मात्र घरी येईपर्यंत आणि नंतरही सोडीना. म्हणून हा लेख.

मी जालन्यात एका कार्यालयात लिपिक आहे. शिक्षण बी.कॉम. दिवसभर आवक-जावक रजिस्टर, टिपणी, शेरे, दप्तर. सुटीच्या दिवशी महिला मंडळाचे काम आणि वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून देणे. मी कायद्याची पंडित नाही. पण कागद म्हणजे काय आणि कागदावर लिहिलेल्या एका ओळीने माणसाचे काय होते, हे मला नोकरीने शिकवले आहे.

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नाही. जर्मनीत हिटलरच्या राज्यात साठ लाख ज्यू लोक मारले गेले. त्यासाठी छावण्या बांधल्या होत्या. ऑशविट्झ ही त्यातली सर्वांत मोठी, तिथे एकट्या सुमारे अकरा लाख माणसांचा जीव गेला. १९४५ साली युद्ध संपले. मोठ्या म्होरक्यांवर न्यूरेम्बर्गला खटले झाले. पण छावणीच्या दारावर उभे राहणारे पहारेकरी, हिशेब ठेवणारे, टाईप करणारे अशा हजारो लोकांपैकी फार थोड्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. बाकीचे घरी गेले, नोकऱ्या केल्या, नातवंडे खेळवली. तिकडे खुनाच्या गुन्ह्यालाही मुदत होती. ती मुदत संपत आली की दर वेळी त्यांच्या संसदेत वाद व्हायचा आणि मुदत वाढायची. शेवटी १९७९ साली खुनाची मुदत कायमचीच काढून टाकली. तरी कोर्टे पुरावा मागत होती की या माणसाने स्वतःच्या हाताने कुणाला मारले ते दाखवा. २०११ साली म्युनिकच्या कोर्टाने जॉन डेम्यान्युक या माजी पहारेकऱ्याच्या खटल्यात म्हटले की जिथे माणसे मारण्यासाठीच छावणी उभारली होती, तिथे पहारा देणे हीच खुनाला मदत. तेव्हापासून नव्वदी गाठलेले लोक पुन्हा कोर्टात येऊ लागले.

त्यातल्या दोघांबद्दल वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ते दोघे माझ्या जातकुळीचे होते. म्हणजे कारकुनी पेशाचे. ऑस्कर ग्रोनिंग हा मूळचा बँकेत काम शिकलेला माणूस. ऑशविट्झला आणलेल्या लोकांचे पैसे मोजायचे, वेगवेगळ्या देशांच्या नोटा वेगळ्या लावायच्या आणि बर्लिनला पाठवायच्या, हे त्याचे काम. त्याने कुणावर बंदूक चालवल्याचे सिद्ध झाले नव्हते. २०१५ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याने कोर्टात स्वतःच्या तोंडाने सांगितले की नैतिकदृष्ट्या मी दोषी आहे. तुरुंगात जाण्याआधीच २०१८ साली तो वारला. दुसरी इर्मगार्ड फुर्शनर. श्टुटहोफ छावणीच्या प्रमुखाची टायपिस्ट. तेव्हा वय अठरा-एकोणीस. खटल्याच्या पहिल्या दिवशी ही शहाण्णव वर्षांची बाई वृद्धाश्रमातून टॅक्सी करून पळून गेली, पोलिसांनी धरून आणली. २०२२ च्या डिसेंबरात तिला दोन वर्षांची शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवली. म्हणजे दोषी ठरली, पण तुरुंगात गेली नाही. २०२४ साली वरच्या कोर्टाने तो निकाल कायम केला. दहा हजारांवर खुनांना तिच्या टाईपरायटरने मदत केली, असे कोर्टाने मानले.

आमच्या ऑफिसात नेहमीचे वाक्य आहे, "साहेबांनी सांगितले, मी लिहिले." या वाक्यात किती जणांचा बळी जाऊ शकतो, याचा आपण कधी विचार करत नाही. माझ्या माहेरच्या माणसांना मात्र तो विचार फार पूर्वीच करावा लागला.

२७ जुलै १९७८. मुंबईत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. पुढे मराठवाड्यात काय झाले ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे यांचे मुडदे पाडले. गावोगाव वस्त्या जळाल्या. माणसे बायकापोरांसह शहरांच्या आश्रयाला आली. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. दरवर्षी त्या दिवशी आपण निळे झेंडे घेऊन विद्यापीठाच्या गेटवर जातो, कमानीपुढे नतमस्तक होतो. शहीदांची नावे घेतो. त्यांना मारणारांचे, जाळणारांचे पुढे काय झाले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ ला झाला. माझे माहेर शहरापासून वीसेक किलोमीटरवर. गावाचे नाव लिहीत नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावाचे नाव त्या जागी घातले तरी गोष्ट फारशी बदलणार नाही. मी तेव्हा जन्मले नव्हते. थोरला भाऊ आठ महिन्यांचा होता. आई सांगते ते असे. रेडिओवर बातमी येऊन तीन-चार दिवस झाले होते. दिवसभर रिपरिप पाऊस. दिवेलागणीला गावातून आरडाओरडा आला आणि टेंभे घेऊन माणसे वस्तीकडे निघाली. वडील रोजगार हमीच्या कामावरून नुकतेच आले होते. चौदा घरांची वस्ती. सगळे मिळेल त्या वाटेने पळाले. आईने लेकराच्या तोंडात पदराचा बोळा धरला आणि ओढ्याकाठच्या बाभळीत रात्र काढली. सकाळी पायी जालना गाठले. इकडे नऊ घरे जळाली. त्यात दोन पोती ज्वारी, घोंगड्या, बाबासाहेबांचा फोटो आणि वडिलांची सातवी पासची सनद गेली.

दीड महिन्याने परत आल्यावर पंचनामा झाला. त्यात लिहिले होते, चुलीतील ठिणगी उडून आग लागली. वडिलांना वाचता येत होते. त्यांनी ती ओळ वाचली. लिहिणारा म्हणाला, मदत पाहिजे तर खाली सही कर. घरात दाणा नव्हता, कडेवर लेकरू होते. वडिलांनी सही केली. आई अजूनही म्हणते, "पावसात नऊ चुलींची ठिणगी एकदमच उडाली व्हय?" वडील त्या सहीबद्दल मरेपर्यंत बोलले नाहीत. मी बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी एकच सांगितले, "बाई, कागदावर खोटं लिहू नको."

म्हणजे आमच्या घरी गुन्हे दोन झाले. एक आग लावणारांचा आणि दुसरा लिहिणाराचा. पहिला एका रात्रीत संपला. दुसरा अजून कुठल्यातरी दप्तरात बासनात बांधून पडला असेल, आणि तो बदलेपर्यंत सरकारच्या लेखी आमचे घर आमच्याच चुलीने जाळले आहे.

टेंभे धरणारांपैकी बहुतेक आता गेले. जे आहेत ते ऐंशीच्या आसपास. त्यातल्या एकाचा नातू दोन वर्षांपूर्वी एका रविवारी माझ्याकडे आला. आजोबाला लकवा झालेला, दिव्यांग प्रमाणपत्राचा फॉर्म भरायचा होता. मी गावची लेक, म्हणून तो मला आत्या म्हणतो. पोरगा सालस आहे, गावात माझ्या भाच्याबरोबर क्रिकेट खेळतो. १९७८ चे त्याला काही माहीत असेल असे वाटले नाही. मी फॉर्म भरला. कुठल्या खिडकीवर जायचे, कोणते कागद जोडायचे, सगळे लिहून दिले. संध्याकाळी आईला सांगितले. मला वाटले ती रागावेल. ती म्हणाली, "नीट लिहिलंस ना? त्यांच्यानं आपलं खरं लिहवलं नाही. तू त्याचं खरं लिही." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला तुरुंगात घालून मला काय करायचं हाय? जिभेला लकवा व्हायच्या आधी एकदा चारचौघांत म्हणायचं व्हतं त्यानं, की ठिणगी नव्हती म्हणून."

आता मुद्द्याकडे येते. एवढ्या वर्षांनी खटले नकोत असे म्हणणारांची बाजू मी उडवून लावणार नाही. त्यात तथ्य आहे. साक्षीदारांची आठवण पुसट होते, तोंडावळा विसरतो, एखादा निरपराध सापडू शकतो. आपल्या समाजाला खोट्या केसचा अनुभव काही कमी नाही, तेव्हा दुसऱ्यावर ती वेळ येऊ नये हे पाहणे आपलेही कर्तव्य आहे. दुसरे, गावात आज जे बरे चालले आहे त्याचे काय? माझा भाऊ गावातच राहतो. त्याचे वावर त्यांच्या वावराला लागून आहे, एका नळावर पाणी, एका जीपमध्ये पोरांची शाळा. मी जालन्यात बसून केस टाकीन, पण रात्री त्या गावात झोपायचे त्याला आहे. तिसरे, बापाच्या करणीची झळ नातवाला का?

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मला विचारावेसे वाटते की उशीर केला कोणी? साढूपूरच्या विधवांनी खटला एक्केचाळीस वर्षे लांबवला नाही. आरोपी जामिनावर होते, शेती करत होते, पोरांची लग्ने लावत होते. तारखा पडत होत्या. ज्या उशिराचा फायदा आरोपीला मिळाला, तोच उशीर शेवटी माफीचे कारण कसा होईल? तसे झाले तर गुन्हेगाराला आपण एवढेच सांगितल्यासारखे होईल की बाबा, वेळ काढ, म्हातारा हो, सुटशील. मीरतच्या हाशिमपुरा मोहल्ल्यातून १९८७ साली प्रांतीय सशस्त्र दलाच्या जवानांनी मुसलमान तरुणांना ट्रकमधून नेऊन गोळ्या घातल्या. खालच्या कोर्टाने २०१५ साली सगळ्यांना सोडले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली सोळा माजी जवानांना जन्मठेप दिली. एकतीस वर्षे गेली होती, सगळे निवृत्त झालेले. कोर्टाने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून फाईल बंद केली असती, तर त्या पोरांच्या आयांना काय सांगायचे होते?

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण ठार झाले. ते दुःख सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी जीव दिला. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार करणाऱ्या पथकाचा अधिकारी मनोहर कदम याच्यावर ठपका ठेवला. तरी कोर्टाची शिक्षा व्हायला २००९ चा मे उजाडला. जन्मठेप झाली, आणि पुढे उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. बारा वर्षे लोक तारखांना गेले, मोर्चे काढले, म्हणून निदान निकालाचा कागद तरी झाला. त्या कागदावर लिहिले आहे की चूक गोळी घालणाराची होती, मरणाराची नव्हती. मेलेल्यांच्या घरच्यांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, म्हणून मला हिशेबाच्या भाषेत लवकर समजते. बुडीत कर्ज सगळ्यांना माहीत असते. येणे वसूल होण्याची आशा संपली की ते बुडीत खात्यात टाकतात. पण ते कुणी टाकायचे? ज्याचे येणे आहे त्याने. देणेकऱ्याने उठून, माझे कर्ज जुने झाले, आता ते खोडा, असे म्हणून चालत नाही. शेजाऱ्यानेही त्याच्या वतीने खोडायचे नसते. १९९५ साली राज्यात सत्ता बदलली आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. त्या सरकारने मराठवाड्यातल्या ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या अकराशेहून अधिक केसेस मागे घेतल्या. कारण दिले की त्या खोट्या आहेत, त्यामुळे गावोगाव तेढ वाढते. खोट्या असतील तर कोर्ट सांगेल, त्यासाठीच कोर्ट असते. ज्यांनी मार खाल्ला होता, त्यांचे येणे सरकारने परस्पर बुडीत खात्यात टाकले. माफी करायची तर तो अधिकार सोसणाऱ्या माणसाचा होता.

इथे कुणी म्हणेल, ताई, आपण बौद्ध. वैर धरू नये असे आपल्याला सांगितले आहे. बुद्धांनी अंगुलिमालालासुद्धा पदरात घेतले. बरोबर आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाची हकिकत घेतली आहे. पण ती कथा आपण अर्धीच सांगतो. अंगुलिमालाने आधी शस्त्र टाकले. मी कोण, मी काय केले, हे त्याने लपवले नाही. प्रसेनजित राजा त्याला पकडायला घोडदळ घेऊन निघाला होता, तेव्हा तथागतांनी त्याला लपवून ठेवले नाही, राजाला बोट करून दाखवले की हा अंगुलिमाल. आणि पाली सुत्तात पुढे आहे की तो भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी दगड मारले, डोके फुटले, भिक्षापात्र फुटले. तो रक्ताळलेला परत आला तेव्हा बुद्धांनी त्याला सहन कर असे सांगितले, कारण हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. म्हणजे करुणा मिळाली, पण आधी ओळख पटली आणि नंतरचे भोगही चुकले नाहीत. राजाने शिक्षा केली नाही हे खरे. पण समोरचा माणूस बदललेला आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. जो माणूस चुलीच्या ठिणगीमागे दडून बसला आहे, त्याला अंगुलिमालाचा दाखला कसा लागू होईल?

याच कारणाने तरुण मुलांचेही म्हणणे मला पूर्ण पटत नाही. देहुलीच्या निकालात फाशी झाली तेव्हा काहींनी पेढे वाटायची भाषा केली. १९४९ साली घटना समितीत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचे सांगितले होते, आणि त्याला आधार दिला होता अहिंसेच्या तत्त्वाचा. त्यांच्या लेकरांनी फासाच्या दोराची वाट पाहू नये. आपल्याला सूड नको, निकाल पाहिजे.

निकाल आणि शिक्षा या दोन गोष्टी आहेत, हे त्या जर्मन टायपिस्ट बाईच्या खटल्याने मला नीट समजावले. कोर्टाने काय झाले, कुणी केले, कुणी साथ दिली हे शोधले आणि लिहून ठेवले. छावणीतून वाचलेली म्हातारी माणसे येऊन बोलली, सगळ्यांनी ऐकले. शिक्षा किती, हे वेगळे ठरवले. माझ्या मते न्यायाची ही रीत बरोबर आहे. आरोपी जिवंत आहे, कोर्टात काय चालले ते त्याला समजते आहे, आणि पुरावा खरा आहे, तोवर खटला चालावा. वयाची दया शिक्षेच्या आकड्यात दाखवावी. दोषी की निर्दोष हे सांगताना वय मध्ये आणू नये. ज्याला समजच उरली नाही त्याला कोर्टात ओढू नये. आणि फक्त पहारेकरी नको, त्याला हुकूम देणारा साहेबही यावा. नाहीतर लहान मासे जाळ्यात आणि मोठे तळ्यात, असे होते.

मग आमच्या घरचे काय? घर जाळण्याच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची अट नाही. म्हणजे कागदोपत्री दरवाजा उघडा आहे. पण पाहणारे मेले, वडिलांची सही उलटी बोलते, आणि ॲट्रॉसिटीचा कायदा आला १९८९ साली, तो मागच्या गुन्ह्याला लावता येत नाही. आई केस करणार नाही म्हणते. हे येणे तिचे आहे. तिने खोडायचे म्हटले तर मी तिला अडवणार नाही, आणि तिच्या वतीने मी स्वतः खोडणारही नाही. पण मी एक केले. वहीत तिची सगळी हकिकत तिच्याच शब्दांत लिहून घेतली. तारीख, वार, पाऊस, चौदा घरे, जळालेली नऊ घरे, कुणाचे काय गेले. शेवटी तिचा अंगठा घेतला, दोन शेजारणींच्या सह्या घेतल्या. कोर्टात त्याला किती किंमत असेल ते वकील सांगतील. पण त्या पंचनाम्याला आता उत्तर आहे.

माझी वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरात १९७८ पाहिलेले कुणी असेल तर येत्या १४ जानेवारीच्या आत त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. आरोपी म्हातारे होतात तसे साक्षीदारही म्हातारे होतात, हे विसरू नका. मोबाईलवर आवाज नोंदवून ठेवा, पण कागदावरही उतरवा.

आणि आजच्या अन्यायाला उद्याचा पंचनामा होऊ देऊ नका. फिर्याद दिली की तिची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. वाचून दाखवा म्हणा. पंचनाम्यातली ओळ पटली नाही तर सही करू नका, त्याच दिवशी वरच्या अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली, जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडिताला जामिनाच्या सुनावणीत बोलण्याचा हक्क दिला आहे, आणि आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा असे म्हटले आहे. हे हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत. मंडळात एखाद्या शिकलेल्या मुलीला हेच काम द्या: केसच्या तारखा, कागदांच्या प्रती, साक्षीदारांचे पत्ते एका फाईलला लावून ठेवायचे. एक्केचाळीस वर्षांनी नव्वदीच्या म्हाताऱ्याला काय करायचे, हा अवघड प्रश्न आपल्या नातवंडांपुढे येऊ द्यायचा नसेल, तर तो आजच, चाळिशीच्या आरोपीसमोर सोडवला पाहिजे.

माझ्यासारख्या सरकारी, निमसरकारी कचेऱ्यांत पेन धरणाऱ्या बंधू-भगिनींना शेवटी एवढेच सांगते. आपण शिकलो, खुर्चीवर बसलो ते बाबासाहेबांच्या पुण्याईने. साहेब सांगतील ते लिहिण्याआधी घडले काय ते पाहा. कुठल्याही जातीच्या, कुठल्याही धर्माच्या गरिबाच्या घराला लागलेली आग आपल्या हाताने चुलीवर ढकलू नका.

जयभीम!